दुसऱ्याच्या पोरासाठी एवढं कोण करतंय?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातनं दोनदा घरी येतात. मुलगा सातवीला, मराठी शाळेत. गल्लीतल्या मंडळाच्या झांजपथकात जातो, शिवजयंतीच्या मिरवणुकीचा सराव असतोय. तिथं शिकवणारे एक जण आहेत, पस्तीसेक वर्षांचे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांनी पोराला बूट घेऊन दिले, मोबाईलला रिचार्ज मारतात, माझ्या सासूबाईंना दोनदा गाडीवरनं दवाखान्याला नेऊन आणलं. पहिल्यांदा मला बरंच वाटलं बगा. पण आता रात्री अकराला मेसेज येतात, पोरगा मोबाईल पालथा घालून ठेवतोय, बाकीची पोरं सरावावरनं घरी येतात आणि हा तासभर उशिरा. परवा म्हणाला, आण्णा मला एकट्यालाच गोव्याला नेणार आहेत, दोन दिवस, पण पथकात कुणाला सांगायचं नाही म्हणालेत. सासूबाईंना बोलले तर त्या म्हणाल्या, एवढा देवमाणूस आणि तुझ्याच मनात पाप, आणि पोरगाच हाय की, त्याला काय होतंय. मी उगीच संशय घेतेय का?
– एक आई

उत्तर : उगीच नाही. पहिली गोष्ट, तो गोव्याला जाणार नाही. कारण सांगत बसायची गरज नाही, "ह्याचे बाबा नको म्हणालेत" एवढं पुरे आणि बाबांना फोन करून आजच सगळं सांगा. तो माणूस वाईट आहे हे मी इथं बसून ठरवू शकत नाही, तुम्हालाही ते सिद्ध करायचं नाही, पण आपल्या पोराला एकट्याला रात्रीचं कुणाबरोबर पाठवायचं नाही ह्याला पुरावा लागत नाही.

आता सासूबाई जे म्हणाल्या त्याच्यावर जरा थांबूया. ह्याला इंग्रजीत ग्रूमिंग म्हणतात, आपल्या भाषेत पोराला हळूहळू जाळ्यात ओढणं. आपण समजतो की असली माणसं पोरालाच फसवतात, पण तसं नसतं हो, ती आधी घर जिंकतात. बाप बाहेरगावी आहे, आईची ओढाताण होतेय, म्हातारीला दवाखान्याला न्यायला माणूस नाही, हे त्यांना बरोबर दिसतं आणि तिथनंच ती आत येतात. उद्या पोरानं तोंड उघडलं तर घरातनंच "आण्णा तसले नाहीत" म्हणणारं माणूस आधीच तयार असतं. तुमच्या घरात ते आत्ताच तयार झालंय, म्हणून मला तुमचं पत्र वाचून काळजी वाटली.

पुढं काय होतं तेही सांगते, वाचायला जड जाईल पण सांगायलाच पाहिजे. पोराला बाकीच्यांपासनं बाजूला काढायचं, "तू माझा खास" म्हणायचं. मग छोटी छोटी गुपितं, एक घोट बिअर, मोबाईलवर एखादा घाणेरडा व्हिडिओ. आता पोरानंही काहीतरी "चुकीचं" केलेलं असतं, म्हणून ते घरी सांगत नाही. मग अंग दुखतंय का म्हणून मालिश, पोशाखाचं माप घ्यायच्या निमित्तानं हात लावणं, मस्करीत चिमटे, पोरगं गप्प बसतंय का बघायचं आणि बसलं की आणखी पुढं जायचं. शेवटी धमकी असते किंवा "तुलापण आवडलं की" असं म्हणणं, आणि ह्या एका वाक्यानं पोरं वर्षानुवर्षं गप्प राहतात.

आणि मुलगा आहे म्हणून काय होतंय? २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कसला ना कसला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्या मुलांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. सासूबाईंना हे वाचून दाखवा, भांडू नका, त्यांनाही फसवलेलंच असू शकतं.

पोराशी बोलायचं तर समोर बसवून चौकशी केल्यासारखं नको. शेंगा फोडताना, गाडीवर मागं बसलेला असताना, अशा वेळी विचारा. आण्णा एवढं काय काय बोलतात रे रात्रीचं? कुणी गुपित ठेवायला सांगितलंय का? सांगितलंस तर मी ओरडणार नाही, मोबाईलपण काढून घेणार नाही. आणि तसं म्हणालात तर खरंच ओरडू नका. त्याच्या तोंडात आपले शब्द घालू नका, तेच तेच दहादा विचारू नका. त्यानं काही सांगितलंच तर "माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुझी काही चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणा. "आधी का नाही सांगितलंस" हे चुकूनसुद्धा नको.

मेसेज काही डिलीट करू नका. आणि गल्लीत जाऊन त्या माणसाला जाब विचारू नका, राग येणार मला कळतंय, पण तो तेवढ्यात सगळं पुसून टाकेल, पोराला दम देईल आणि गल्लीत दोन तट पडतील. काही घडलंय असं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तर १०९८ ह्या चाइल्ड हेल्पलाईनला फोन करा, नाहीतर पोलिसांत जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलग्यांनाही तेवढाच लागू आहे. मंडळाची चार मोठी माणसं बसून मिटवतो म्हणाली तर अजिबात ऐकू नका, गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्यालाच ह्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : माझी भाची १४ वर्षांची, निपाणीत राहते. इन्स्टाग्रामवर कोल्हापूरचा कॉलेजचा पोरगा म्हणून एकाशी ओळख झाली, त्यानं गोड बोलून फोटो मागून घेतले, आता आणखी पाठव नाहीतर सगळीकडं टाकतो म्हणतोय. पोलीस स्टेशनात सगळं कन्नडमध्ये चालतंय, पोरीला नीट कन्नड येत नाही. तिचे वडील शाळाच बंद करा म्हणालेत.
– एक मामा

उत्तर : मामा, तिनं तुम्हाला सांगितलं ह्यातच निम्मं काम झालंय. आता एकही फोटो नाही, पैसे मागितले तर एक रुपया नाही. चॅट आणि त्याचं प्रोफाईल तसंच ठेवा, पण तिचा फोटो पुरावा म्हणून नातेवाईकांनासुद्धा पाठवू नका. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते.

भाषेचं म्हणाल तर पोक्सोतच लिहिलंय की मुलाला न समजणाऱ्या भाषेत लिहून घेत असतील तर दुभाषी द्यायलाच पाहिजे. जबाब घरीच घ्या म्हणून सांगा, शक्यतो महिला अधिकारी, गणवेश न घालता, आणि तिचा विश्वास असलेलं माणूस शेजारी. कन्नडमध्ये लिहिलेलं मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका, एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती मागून घ्या. पोरगा कोल्हापूरचा, तिकडं जा असं कुणी म्हणालं तर १ जुलै २०२४ पासनंच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडलेला असला तरी कुठल्याही पोलीस स्टेशनात नोंदवता येतो, हे शांतपणे सांगा.

शाळा बंद करायचं मात्र डोक्यातनं काढा. तिला शिक्षा झाली तर त्या माणसाला हवं तेच होईल, पुढच्या वेळी ती कुणालाच काही सांगणार नाही. दाजींशी तुम्हीच बोला आणि सोमवारी तिला शाळेला तुम्हीच सोडून या.