लॅब्रॅडॉरचे मान्य रंग तीनच, 'सिल्व्हर'साठी जादा पैसे देऊ नका

तुम्ही विचारलंय, निपाणीकडचा एक विक्रेता राखाडी रंगाचं 'सिल्व्हर लॅब' पिल्लू दुर्मीळ म्हणून दुप्पट पैसे मागतोय, तर लॅब्रॅडॉर कुत्र्यांमध्ये हा रंग मान्य आहे का. नाही. आणि दुप्पट पैसे तर अजिबात देऊ नका.

मान्य रंग तीन: काळा, पिवळा, चॉकलेट. अंगभर एकच रंग हवा. छातीवर छोटासा पांढरा ठिपका चालतो. पिवळ्यात मात्र खूप छटा येतात. लोण्यासारख्या फिक्या क्रीमपासून आपल्या गुऱ्हाळातल्या ताज्या गुळासारख्या तांबूसपर्यंत (त्याला फॉक्स रेड म्हणतात) सगळे कागदावर पिवळेच. चॉकलेट म्हणजे बेळगावचा कुंदा डोळ्यांसमोर आणा.

माझ्या पिवळ्या कुत्रीला काळ्या नरापासून आठ पिल्लं झाली, पाच काळी आणि तीन पिवळी. बघायला आलेल्यांना वाटलं, भेसळ आहे. तसं नसतं. ई नावाच्या जनुकाची एकेक दुबळी प्रत आई आणि बाप दोघांकडूनही आली, की केसांत गडद रंग उतरतच नाही, पिल्लू पिवळं होतं. नाक मात्र बहुधा काळंच राहतं (थंडीत गुलाबीसर पडलं तर घाबरू नका). म्हणून काळ्या जोडीलाही पिवळं पिल्लू होऊ शकतं, पण आई-बाप दोघंही पिवळे असले तर सगळी पिल्लं पिवळीच.

सिल्व्हर म्हणजे डी नावाच्या जनुकाने फिका पाडलेला चॉकलेट. काळा फिका पडला की त्याला चारकोल म्हणतात, पिवळ्याला शॅम्पेन. विक्रेते सांगतात, पिवळ्यालाही पूर्वी कोण विचारत होतं? तसाच सिल्व्हरही उद्या मान्य होईल. 1899 साली जन्मलेला बेन ऑफ हाइड हा नोंद झालेला पहिला पिवळा लॅब, हे खरंच आहे. पण इथे प्रश्न कातडीचा आहे.

माझ्या मावसभावाने खानापुरात असंच पिल्लू आणलं. वर्षभर राखाडी मखमल. मग पाठीवरचे केस विरळ व्हायला लागले. हात फिरवला की तळहाताला कोंडा आणि तुटके केस चिकटायचे. डॉक्टरांनी सांगितलं, ही फिक्या रंगाबरोबर येणारी केसगळती, पुरती बरी होत नाही. सगळ्याच सिल्व्हरना ती होते असं नाही. पण पिल्लू दोन महिन्यांचं असताना बघून काहीच कळत नाही, आणि मला सगळ्यात राग याचाच येतो. पैसे तेव्हाच घेतलेले असतात.

आई-बाप दोन्ही प्रत्यक्ष बघा. केनेल क्लबचे (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद मागा. शोमध्ये उभं करायचं असेल तर हे पिल्लू नकोच. घरी पाळायचंय आणि जीव जडलाय, तर जरूर घ्या, पण साध्या लॅबच्या भावात, आणि पहिली दोन-तीन वर्षं आंघोळ घालताना पाठ नीट बघत जा.