हुमल्यांतले लांब सोंडेचे कोळी वेगळ्या जातीचे का?

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याच्या काजूवर हुमल्यांच्या (झाडावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, काही ठिकाणी ओंबील म्हणतात) रांगेत मुंगीसारखे कोळी फिरतात. काहींना पुढे लांब 'सोंड' आहे, काहींना नाही. वर्णनावरून ही एकच जात वाटते: मिर्माप्लाटा प्लाटॅलिऑइडिस. १८६९ साली वर्णन झालेला हा उड्या मारणारा कोळी जुन्या पुस्तकांत मिर्मारॅक्ने या नावाखाली सापडेल.

ती सोंड म्हणजे नराचे जबडे. सुळे त्यांच्या खालच्या बाजूला मिटून बसतात, म्हणून लांबून पाहिलं तर हुमला तोंडात काहीतरी धरून चाललाय असंच वाटतं. मादीचे जबडे आखूड. पण आखूड जबडे म्हणजे मादीच, असं धरू नका. इथेच बहुतेकांची चूक होते. नराचे जबडे शेवटची कात टाकल्यावरच लांब होतात. त्याआधीचा नर थेट मादीसारखा दिसतो. शिवाय पूर्ण वाढलेल्या नरांतही जबड्यांची लांबी कमीजास्त असते.

म्हणून तोंडालगतच्या दोन आखूड स्पर्शिका बघा. टोकं फुगलेली नसतील तर मादी किंवा लहान पिल्लू. टोकं फुगलेली पण गुळगुळीत असतील तर एक कात बाकी असलेला नर. फुगलेल्या टोकावर गडद, गुंतागुंतीचा अवयव दिसला तर पूर्ण वाढलेला नर. रंगावर अवलंबून राहू नका, नुकती कात टाकलेला कोळी फिकट असतो.

तो मुळात कोळीच आहे ना, हेही तपासा. पाय आठ, पुढची जोडी मिशांसारखी वर धरलेली. डोक्याच्या बाजूंचे काळे ठिपके म्हणजे मुंगीच्या डोळ्यांची नक्कल. खरे दोन मोठे डोळे समोर असतात. फांदी किंचित हलवली की कोळी धाग्यावर लोंबकळतो, हुमला हात चावायला धावतो. मोठे डोळे नसून पोटाच्या मागच्या टोकाला दोन काळे ठिपके असतील, तर तो अमिसिया, खेकडा-कोळ्यांतला, हुमलेच खाणारा.

फोटोसाठी त्याला पारदर्शक डबीत घ्या. वरून, बाजूने, समोरून आणि डबी उलटून पोटाकडून असे चार फोटो हवेत, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. बाजूच्या फोटोत स्पर्शिका जबड्यांमागे झाकल्या जातात, म्हणून समोरचा फोटो चुकवू नका. डबी उन्हात ठेवू नका, आणि काम झालं की त्याच फांदीवर सोडा.