वाचकांचे प्रश्न : फॉर्म भरून झाले, आता निघण्यापूर्वी

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी मूळची औसा तालुक्यातील (जि. लातूर) असून सध्या इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रबंधासाठी नेपाळच्या पूर्व तराईतील एका पालिकेत अडीच महिने राहून मी 240 महिलांच्या रक्तदाबाची घरोघर पाहणी केली. माहिती पुरेशी झाली, आता परत येऊन लिहायला बसा, असे मार्गदर्शकांनी कळवले आहे. दहा दिवसांनी माझे तिकीट आहे आणि दसऱ्याला घरी यावे असा आईचा आग्रह आहे. मात्र घरोघरी बायका विचारतात, "यातून आम्हाला काय कळणार?" आणि मला उत्तर सुचत नाही. माझ्यासोबत उन्हातान्हात हिंडलेल्या आरोग्य स्वयंसेविका दीदींच्या आमा समूहाची, म्हणजे गावातल्या मातांच्या गटाची, बैठक माझ्या तिकिटानंतर तीन दिवसांनी आहे. काही जणींचा बीपी बराच वाढलेला आढळला, त्यांचे काय करावे? अहवालात दीदींचे नाव घालावे का? मोबाइलमधील फोटोंचे काय करावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : सर्वांत आधी तिकिटाचे सांगतो. शक्य असेल तर ते चार दिवस पुढे ढकला. बैठक तुमच्यासाठी अलीकडे घ्या, असे दीदींना सांगू नका. अडीच महिने त्यांनी आपली कामे तुमच्या वेळेप्रमाणे बसवली आहेत, आता तुम्ही त्यांच्या वेळेप्रमाणे थांबावे.

हे इतक्या आग्रहाने सांगण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही बीड जिल्ह्यातील एका तांड्यावर रक्तक्षयाची पाहणी केली होती. बोटाला सुई टोचून थेंब थेंब रक्त घेतले, आकडे वहीत उतरवले आणि अहवाल नीट छापून झाल्यावरच गावाला सांगू असे ठरवले. छपाई होऊन आम्ही तांड्यावर पोहोचलो तेव्हा दिवाळी होऊन महिना लोटला होता आणि सगळे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, फडावर गेले होते. कुलपे लावलेली घरे, शेळ्या आणि म्हातारी माणसे एवढेच मागे उरले होते. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या एका आजीने माझ्यापुढे बोट धरले आणि विचारले, "रगत नेलं तुम्ही, त्याचं काय निघालं?" त्यांच्या सुनेचे हिमोग्लोबिन सातच्या खाली होते. तो आकडा आमच्या अहवालात होता आणि ती कर्नाटकात उसाच्या मोळ्या वाहत होती. अहवाल कितीही चांगला असला तरी तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या दिवसांतले पहिले काम वाढलेल्या बीपीचे आहे. एकदा मोजलेल्या आकड्यावरून कोणालाही "तुम्हाला बीपी आहे" असे सांगू नका, कारण दोन वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून अधिक भरल्याशिवाय उच्च रक्तदाबाचे निदान करत नाहीत. ज्यांचा आकडा वाढलेला होता त्या सर्वांच्या घरी दीदींसोबत पुन्हा जा, चुलीपासून उठून आलेल्या बाईला पाच मिनिटे शांत बसू द्या आणि मग मोजा. वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे असेल, तर त्याच दिवशी त्यांना स्वास्थ्य चौकीत, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात, न्यावे. छातीत दुखणे, धाप लागणे, अंधारी येणे अशी काही तक्रार असेल तर चौकीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. गरोदर बाईच्या बाबतीत 140/90 भरले तरी त्याच दिवशी दाखवावे. बाकीच्यांना तारीख, आकडा आणि तुमची सही असलेली चिठ्ठी द्या. मात्र त्याआधी स्वतः चौकीत जाऊन बीपीच्या कोणत्या गोळ्या शिल्लक आहेत ते विचारून या, कारण तिथे गोळ्याच नसतील तर चिठ्ठी घेऊन दोन कोस चालत गेलेली बाई पुन्हा जाणार नाही. आणि चिठ्ठी एकांतात द्यावी. आकडा दीदींना किंवा चौकीला कळवायचा असेल तर आधी त्या बाईची परवानगी घ्यावी. तुमच्या संमतीपत्रात तसे लिहिलेले नसेल तर ही परवानगी वेगळी घ्यावीच लागेल.

आता "आम्हाला काय कळणार?" या प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या, 1964 मध्ये प्रथम स्वीकारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2013 च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की, अभ्यासात सहभागी झालेल्यांना त्याचे सर्वसाधारण निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. इंग्लंडला जाऊन प्रबंध पूर्ण होईपर्यंत त्यासाठी थांबू नका. हे कच्चे आकडे आहेत असे सांगून आमा समूहातच ते मांडा. शेकडेवारी नको. जमिनीवर मक्याचे दहा दाणे ठेवा, "दहा जणींमधल्या इतक्या जणींचा बीपी वाढलेला दिसला" असे म्हणत तितके दाणे बाजूला करा आणि बायकांना बोलू द्या. तराईच्या पूर्व भागात अनेक घरांत मैथिली बोलतात, तेव्हा हे सांगणे दीदींच्या तोंडूनच व्हावे. तुमचा फॉर्म नेपाळीत असेल आणि दीदी तो आयत्या वेळी मैथिलीत सांगत असतील, तर तेही प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदवा. गोरबोली (बंजारा बोली) बोलणाऱ्या तांड्यावर मराठी फॉर्म वाचताना अर्थ कसा बदलतो, हे आम्ही अनुभवले आहे. ज्या टोल्यावर (वस्तीवर) चार-पाचच घरे आहेत त्याचा आकडा वेगळा सांगू नका, नाव न घेताही ती बाई कोण ते सगळ्यांना कळते. आणि या पाहणीमुळे दवाखाना होईल, औषधे येतील, असे चुकूनही बोलू नका.

2015 च्या संविधानानंतर नेपाळमध्ये 753 स्थानिक सरकारे झाली आणि गावपातळीवरच्या आरोग्यसेवेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यामुळे दोन पानांचे नेपाळी टिपण चौकीसोबतच पालिकेच्या स्वास्थ्य शाखेलाही द्या आणि पोच घ्या. हे घटस्थापनेच्या आधी उरका; आपल्या दसऱ्याच्या सुमारासच तिथे दशैं हा मोठा सण असतो आणि त्या दिवसांत कार्यालये बंद राहतात. आरोग्य संशोधनाला परवानगी देणाऱ्या नेपाळ स्वास्थ्य अनुसन्धान परिषदेच्या मंजुरीपत्रातील अटी पुन्हा वाचून अंतिम अहवाल केव्हा पाठवायचा ते लिहून ठेवा.

माहितीबद्दल थोडक्यात : नावांची यादी आणि उत्तरे कधीही एकत्र ठेवू नका, आणि संमतीपत्रे मंजूर आराखड्यात लिहिले आहे तिथेच ठेवा. ज्या फोटोंसाठी परवानगी घेतलेली नाही ते मोबाइलमधून आणि त्याच्या क्लाउडमधूनही काढून टाका.

राहिल्या दीदी. 1988 पासून नेपाळची आरोग्यसेवा या स्वयंसेविकांच्या पायांवर चालत आली आहे. आज त्या 50,000 हून अधिक आहेत आणि त्यांना पगार नाही. आपल्या आशाताईंना निदान कामागे मोबदला तरी मिळतो. तेव्हा त्यांचे नाव घालावे का, हे मला नव्हे तर त्यांनाच विचारा. गावाचे नाव गुप्त ठेवायचे असेल तर दीदींच्या नावावरून गाव ओळखू येईल, हेही त्यांना समजावून सांगा आणि त्या म्हणतील तसे करा. नाव छापायचे नाही असे ठरले, तर त्यांनी किती दिवस, किती घरी आणि कोणते काम केले ते पद्धतीच्या प्रकरणात सविस्तर लिहा. शेवटच्या पानावरच्या आभाराच्या एका ओळीत ते गुंडाळू नका. तुमचा आणि दीदींचा एकत्र फोटो असेल तर बाजारात त्याची प्रत काढून बैठकीच्या दिवशी त्यांना द्या. आणि आईला आजच फोन करून सांगा की यंदा सोने लुटायला पोहोचायला चार दिवस उशीर होईल.