उंदराच्या मूत्रपिंडात औषध सगळीकडे सारखं का पोचत नाही?

नांदेडहून एम. फार्म.च्या विद्यार्थ्याने विचारलंय: मूत्रपिंडाच्या धमनीत रंग सोडला, पण कापल्यावर अर्धा भाग निळा, अर्धा फिकट. असं का?

औषध धमनीतल्या रक्तात नीट मिसळतच नाही. जायकवाडीच्या कालव्यात एका काठाने शेणकाला सोडला, तर तो लांबवर काठाकाठानेच जातो. तसंच इथे. मोठ्या उंदराच्या (रॅटच्या) एका मूत्रपिंडात मिनिटाला साधारण 5 ते 7 मिली रक्त जातं आणि तुम्ही सोडता 10 मायक्रोलिटर. ती बारीक धार एकाच फांदीत शिरते.

औषध सोडायच्या नळीचं टोक धमनीच्या फाट्याला चिकटवू नका, उगमाकडे ठेवा, म्हणजे मिसळायला अंतर मिळेल. संथ सलग धारेऐवजी छोटे छोटे झटके द्या. नळीत बुडबुडा नको. धमनीला ओढाताण झाली की ती आकसते, मग पुढचे आकडे फुकट. कोमट सलाइनने ओली ठेवा.

शेवटी, प्राणी बेशुद्ध असतानाच, त्याच नळीतून त्याच वेगाने इव्हान्स ब्ल्यू हा निळा रंग सोडा, मूत्रपिंड उभं चिरा. साल, म्हणजे बाहेरचा थर (कॉर्टेक्स), एकसारखी निळी हवी. आतला गाभा फिकट दिसला तर घाबरू नका, त्याला मुळात दहाएक टक्केच रक्त मिळतं. सालीवरच ठिपके-पट्टे असतील, तर त्या जनावराची मोजमापं धरू नका.