संचालक मंडळ आणि एआय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संचालक मंडळाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर देखरेख कशी ठेवावी, याबद्दल अनेकांनी विचारले आहे. बहुतेक पत्रांतला समज एकच आहे : हा विषय आयटीवाल्यांचा. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १६६ संचालकाकडून काळजी, कौशल्य आणि तत्परता मागते. त्यात तांत्रिक बाबी कुठेही वगळलेल्या नाहीत.

प्रश्न : एआयसाठी वेगळी समिती नेमणे बंधनकारक आहे का?

नाही. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंद असलेल्या) कंपन्यांत जोखीम व्यवस्थापन समिती असावीच लागते. तुमच्याकडे अशी समिती असेल तर विषय तिथे न्या.

प्रश्न : मी स्वतंत्र संचालक आहे. बैठकीची कागदपत्रे फार जाड असतात. मोफत एआय साधनाकडून सारांश करून घेतला तर चालेल?

अजिबात नाही. त्या कागदपत्रांत जाहीर न झालेले तिमाही निकाल असतात. शेअरच्या भावावर परिणाम करणारी अशी माहिती बाहेर देणे सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग, म्हणजे आतल्या माहितीवर होणाऱ्या व्यवहारांविरुद्धच्या नियमांच्या कचाट्यात येऊ शकते. कंपनीने मंजूर केलेले साधन आहे का, ते कंपनी सेक्रेटरींना विचारा.

प्रश्न : मी नागरी सहकारी बँकेचा संचालक आहे. कर्जाचे अर्ज छाननारे एआय सॉफ्टवेअर घ्यायचे चालले आहे. व्हेंडर (सॉफ्टवेअर विकणारा) म्हणतो, ते ‘रिझर्व्ह बँक मान्य’ आहे आणि चुकले तर जबाबदारी त्यांची. मग मंडळाने काय बघायचे?

सगळेच बघायचे. ‘रिझर्व्ह बँक मान्य’ हे विक्रीचे बोलणे आहे. त्या मान्यतेचे पत्र मागा, म्हणजे विषय तिथेच संपेल. काम बाहेर दिले म्हणून बँकेची जबाबदारी बाहेर जात नाही, हे रिझर्व्ह बँकेने आयटी सेवांच्या आउटसोर्सिंगबाबत २०२३ च्या निर्देशांत स्पष्ट केले आहे. सेबीनेही २०२५ मध्ये आपल्याकडे नोंदणीकृत मध्यस्थांना (दलालांसारख्या संस्थांना) तेच बजावले : साधन स्वतःचे असो वा विकतचे, उत्तर तुम्हीच द्यायचे.

एअर कॅनडा या विमान कंपनीचे प्रकरण प्रत्येक संचालकाला ठाऊक हवे. नातेवाइकाच्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एकाला कंपनीच्या चॅटबॉटने सांगितले, की सवलतीचा अर्ज तिकीट काढल्यावरही करता येईल. नियम तसा नव्हता. चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, असा बचाव कंपनीने केला. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

आता तुमचा करार काढा. नुकसानभरपाईचे कलम वाचा. व्हेंडरची देणेदारी बहुधा वर्षभराच्या फीपुरती मर्यादित केलेली सापडेल. ‘जबाबदारी आमची’ म्हणजे एवढीच. सॉफ्टवेअरमागचे एआय मॉडेल बदलले तर बँकेला आधी कळवायचे बंधन त्यात आहे का, तेही पाहा.

मंडळापुढे येते ती स्लाइड : पाच मुद्दे, पाच हिरवे ठिपके. तिच्यावर समाधान मानू नका. यंत्राने नाकारलेल्या अर्जांपैकी पन्नास फायली बाहेर काढा आणि वर्षानुवर्षे कर्जे मंजूर केलेल्या शाखाधिकाऱ्यापुढे ठेवा. विशिष्ट गावाचे, विशिष्ट धंद्याचे किंवा महिलांचे अर्ज जास्त गळतात का? नाकारल्याचे कारण ग्राहकाला साध्या मराठीत सांगता येते का? आणि यंत्र बिघडले तर ते बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाला? पदनाम नव्हे, माणसाचे नाव घ्या.

हे सगळे इतिवृत्तात आले पाहिजे. ‘विषयाची नोंद घेतली’ एवढ्या तीन शब्दांत अख्खे सॉफ्टवेअर पार पडलेले मी पाहिले आहे आणि मला त्याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. उद्या चौकशी झाली, तर संचालकाने तत्परता दाखवली याचा दुसरा पुरावा कुठून आणणार? सही करण्याआधी बँकिंग जाणणाऱ्या वकिलाला करार दाखवा.

प्रश्न : वार्षिक अहवालात ‘एआय-आधारित उत्पादने’ असे लिहावे, असा मार्केटिंगचा आग्रह आहे.

दाखवता येत असेल तरच लिहा. अमेरिकेच्या बाजार नियामकाने मार्च २०२४ मध्ये एआयचे फसवे दावे करणाऱ्या दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांकडून दंड वसूल केला. मजकूर आधी ऑडिट समितीपुढे ठेवा.

प्रश्न : आमची कंपनी मध्यम आहे, एआय वापरत नाही. पुढच्या वर्षी धोरण केले तर?

वापरत नाही, हे कोणी तपासले? भरतीचे अर्ज चाळणाऱ्या पोर्टलमध्ये ते असते, हिशेबाच्या पॅकेजमध्ये असते आणि कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये तर असतेच. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकला होता, तेव्हा कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. तुमच्याकडे ग्राहकांची माहिती कोण कुठे टाकतो, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे आणि सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पुढचे वर्ष कशाला? येत्या बैठकीच्या अजेंड्यावर एकच विषय घ्या : कंपनीत कुठे कुठे एआय वापरले जाते, याची खातेनिहाय यादी. ती हातात आली की सल्लागाराकडे जा. यादी नसेल तर तो तुम्हाला छापील धोरण विकेल.