मनात काही नाही, मग छाती का धडधडते?

"मॅडम, मनात खरंच काही नाही. मग छाती का धडधडते?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. ही मंडळी बहुतेक सगळ्या तपासण्या करून आलेली असतात. ईसीजी, टू-डी इको, २४ तास ठोक्यांची नोंद ठेवणारा होल्टर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. मग कुणीतरी म्हणतं, "टेन्शन घेऊ नका." ते त्यांना लागतं, कारण टेन्शन घेतल्याचं त्यांना आठवतच नसतं.

श्रीधर (नाव बदललं आहे) असेच आले. चाळिशीचे, हिशेबाचं काम, घरी सगळं सुरळीत. संध्याकाळी निवांत बसले की अचानक धडधड, हातांना मुंग्या, पोटात खड्डा. कधीकधी रात्री झोपेतून दचकून जाग यायची.

"सगळे म्हणतात, मनात काहीतरी दडलंय. लहानपणापासूनचं सगळं उकरून पाहिलं, मॅडम. काही सापडत नाही."

"मग शोधणं थांबवू या. चिंता नाही म्हणता ना? माझा विश्वास आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच थोडा सैलावला. इतके महिने हे वाक्य त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं.

माझं मत इथे स्पष्ट आहे. प्रत्येक धडधडीमागे दडपलेलं दुःख असतंच, असं मी मानत नाही. शरीराची धोक्याची यंत्रणा चालू व्हायला विचार लागतोच असं नाही. झोपेतून उठवणारे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचे झटके, बहुधा स्वप्नं नसलेल्या झोपेत येतात. तिथे कसली काळजी करणार माणूस? अपुरी झोप, ताप येऊन गेल्यावरचा अशक्तपणा, उपाशीपोटी घेतलेली कॉफी, एखादा हुकल्यासारखा ठोका, एवढं पुरतं. हे दुखणं नवीनही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये धडधड, छातीत दुखणं, धाप अशा तक्रारी दिसत, पण हृदयात दोष सापडत नसे. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्याची नोंद केली.

श्रीधर यांची सुरुवातही साधीच होती. तापातून उठलेले, रात्रीची जागरणं, एका संध्याकाळी ठोका हुकल्यासारखं झालं. तिथून पहारा सुरू झाला. बोटं सारखी मानेवर, नजर मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर, डाव्या कुशीवर झोपणं बंद. डाव्या कुशीवर ठोके जास्त जाणवतात हे खरं, पण त्याने हृदय बिघडत नाही.

एका भेटीत मी म्हटलं, "चला, जिना चढू या." त्यांच्या डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिलेलीच होती. वर पोचल्यावर विचारलं, "आता ठोके किती?"

"१२८."

"आणि संध्याकाळी, त्रास होतो तेव्हा?"

"११०च्या पुढे गेलेले नाहीत कधी."

"म्हणजे आत्ता जास्त आहेत. भीती वाटते?"

"छे! जिना चढलो ना आत्ता."

एवढं बोलून ते थांबले. मी मुद्दाम काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "म्हणजे मी धडधडीला घाबरत नाही. तिचं कारण सापडत नाही, त्याला घाबरतो."

हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि संध्याकाळी पुन्हा बोटं मानेवर गेली असती. ते त्यांच्या तोंडून आलं म्हणून टिकलं. असं वाक्य समोरच्याच्या मुखातून यावं, यासाठीच मी काम करते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकबद्दल हेच मांडलं: शारीरिक जाणिवेचा भयंकर अर्थ लावला जातो, त्यामुळे जाणीव वाढते आणि अर्थ आणखी भयंकर होतो. श्रीधर यांच्या मनात चिंता नव्हती हे खरंच, पण पहिल्या ठोक्यापर्यंत. त्यानंतर "हे काय आता?" असं क्षणभर वाटून जायचं. त्याला ते चिंता म्हणतच नव्हते, कारण ते शब्दांत नव्हतं, लक्ष देण्यात होतं. आत्ता तुमची जीभ तोंडात कुठे टेकली आहे याकडे लक्ष द्या. क्षणापूर्वी तिची आठवणही नव्हती, आता ती विसरता येत नाही. ठोक्यांचंही असंच होतं.

मुंग्यांचं कोडंही सुटलं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, हलकं वाटतं, छाती आवळल्यासारखी होते.

मग करायचं काय? धडधड आली की हातातलं काम सोडू नका. नाडी मोजू नका, घड्याळातली ती सोय बंदच करा. आणि श्वसनाचे व्यायाम धडधड घालवण्यासाठी करू नका. "गेली का?" असं दर श्वासाला तपासलं तर तोही पहाराच झाला. म्हणून मी ते पहिल्या भेटीत देत नाही. ठोक्यांऐवजी झोप, कॉफी आणि जेवणाच्या वेळांची नोंद ठेवा. तिथे बरंच काही हाती लागतं. घरच्यांना एवढंच सांगा की तासातासाला "आता कसं वाटतंय?" असं विचारू नका.

श्रीधर यांना अजूनही अधूनमधून धडधड होते. "आली होती, मी भाजी चिरत होतो, चिरत राहिलो," असं ते सहज सांगतात. मला याचं फार समाधान आहे.

मात्र हे सगळं तपासण्या झाल्यानंतरचं. धडधडीबरोबर शुद्ध हरपत असेल, श्रम करताना छातीत दुखत असेल, विश्रांतीतही धाप लागत असेल, ठोके सतत अनियमित पडत असतील किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हृदयरोगतज्ज्ञांनी निश्चिंत राहायला सांगितलं आणि तरी पहारा सुटत नसेल, तर समुपदेशकाकडे या.