रेसमधून निवृत्त झालेल्या घोडीची पाठ ड्रेसाजने भरते का? किती महिने लागतात?

आपली सात वर्षांची, रेसमधून आलेली घोडी चंदी व्यवस्थित संपवते, पोटही सुटले आहे, तरी कणा वर दिसतो आणि खांद्यामागे खड्डे आहेत. रोज तासभर ड्रेसाज, म्हणजे घोड्याला संतुलित, लयदार चाली शिकवणारी कसरत, केल्यास पाठ किती महिन्यांत भरेल, असे आपण विचारले आहे. पाठ नक्की भरते. मात्र ‘रोज तासभर’ हे शब्द वाचून मला माझ्या घोडीचे पहिले आठ महिने आठवले, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पुण्याचा रेसचा पावसाळी मोसम संपल्यावर ती माझ्याकडे आली. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची, सहा वर्षांची, वयाच्या दुसऱ्या वर्षापासून धावलेली. खरारा करताना मोतद्दाराची मूठ तिच्या खांद्यामागच्या खड्ड्यात बसत असे. त्या वेळच्या आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात ड्रॉ रेन्स, म्हणजे डोके खाली ओढून ठेवणारे पट्टे, लावले आणि नाक छातीला टेकेपर्यंत ओढून रोज पाऊण तास दुडकी सुरू केली. लांबून पाहणाऱ्याला ते ड्रेसाजच वाटत असे. मी दर महिन्याला चित्रकलेच्या दुकानात मिळणारी लवचिक पट्टी तिच्या खांद्याच्या हाडामागे चार बोटांवर दाबून बसवत असे आणि तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून तारीख घालत असे. आठव्या महिन्याची रेघ पहिल्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी आत गेली होती. मानेचा खालचा भाग जाड झाला होता, आणि मानेचा जो सर्वांत उंच बिंदू कानांच्या लगेच मागे असायला हवा, तो चांगला वीतभर मागे सरकला होता. मी पुठ्ठा दाखवल्यावर ‘थरोब्रेडची पाठ अशीच असते’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी मी ते पट्टे काढून ठेवले, आणि त्यावरून झालेला वाद पुढे दोन वर्षे चालला.

ती पाठ तशी का झाली, हे शरीररचनेतच आहे. घोड्याला कॉलरबोन नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. ही झोळी सैल पडली की छाती खाली बसते आणि खांद्यामागे खड्डा दिसतो. पाठ उचलण्याचे काम मुख्यतः पोटाचे स्नायू करतात, आणि मागचा पाय पोटाखाली खोल आला तरच ते कामाला लागतात. त्याच वेळी मान पुढे आणि खाली लांबली, तर मानेवरचा जाड बंध ताणला जाऊन खांद्याजवळच्या मणक्यांचे उंच काटे पुढे ओढले जातात आणि पाठीला आधार मिळतो. नाक छातीला बांधून ठेवलेल्या घोड्याला मान लांबवताच येत नाही. तो पाठ आवळतो आणि मागचे पाय नुसते फरपटत आणतो.

पट्टे काढल्यावर सहा आठवडे आम्ही फक्त चाललो, तेही बहुतेक टेकडीच्या चढावर, लांब लगामावर. मग वीस मीटरच्या वर्तुळावर दुडकी, दहा पावलांनी चाल, पुन्हा दुडकी. जमिनीवर टाकलेले लाकडी दांडे ओलांडणे आठवड्यातून दोनदा. शोल्डर-इन, म्हणजे खांदे किंचित आत वळवून तिरके चालणे, चौथ्या महिन्यात आला, कारण मुंबईच्या महालक्ष्मी ट्रॅकवर कायम उजवीकडे वळत धावलेल्या या घोडीला डावीकडे वळताना मागचा डावा पाय वाकवणे फार जड जात होते. कामाचे दिवस आठवड्याला चार किंवा पाच, एका वेळी पस्तीस मिनिटे. स्नायू विश्रांतीत भरतो, म्हणून आपल्या ‘रोज तासभर’ला माझा स्पष्ट विरोध आहे. खोगिराशिवायही बरेच काही करता येते: गाजर दाखवून तिला मान तंगाजवळ (खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या जागी), मग पुढच्या गुडघ्यांच्या मध्ये आणायला लावावी. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे व्यायाम तीन महिने केलेल्या घोड्यांच्या कण्यालगतचे खोल स्नायू सोनोग्राफीत वाढलेले दिसले होते.

चंदीबद्दल थोडक्यात सांगतो. नुसता हरभरा आणि कोंडा वाढवून चरबी येते. घोड्याची अंगकाठी पाहून गुण देणारी हेनेके यांची 1 ते 9 ही श्रेणीसुद्धा चरबीच मोजते, त्यामुळे तिच्यात 6 असलेल्या घोडीचीही पाठ रिकामी असू शकते. स्नायूसाठी लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) असलेली प्रथिने हवीत, म्हणून लसूणघास आणि थोडी सोयापेंड द्यावी. वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा रोज पोटात जावा. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामाला लावताच पार्श्वभागाचे स्नायू आखडून घोडी जागच्या जागी थांबते.

2023 साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारतीय चमूने ड्रेसाजचे सुवर्ण जिंकले, याचा मला मनापासून अभिमान आहे. तेव्हापासून मात्र ‘तशी कमानदार मान’ दोन महिन्यांत हवी असणारे लोक मला वारंवार भेटतात. ते घोडे युरोपात वर्षानुवर्षे तयार झालेले होते. आपल्या घोडीत तीन महिन्यांत फरक दिसेल. पाठ खऱ्या अर्थाने भरायला वर्ष ते दीड वर्ष धरा.

आणि हे सारे सुरू करण्यापूर्वी पशुवैद्याकडून दात, पाठीचा एक्स-रे आणि जठरातील व्रण तपासून घ्या. रेसमधून आलेल्या थरोब्रेडांमध्ये मणक्यांचे काटे एकमेकांना घासणे आणि जठरात व्रण असणे या दोन्ही गोष्टी नेहमी सापडतात, आणि दुखणाऱ्या पाठीवर कोणताही व्यायाम लागू पडत नाही. खोगीरही दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बसवून पाहा, कारण पाठ रुंद झाली की जुने खोगीर तिथेच चिमटू लागते.

चौदा महिन्यांनी माझ्या पुठ्ठ्यावरची रेघ पहिल्या रेघेच्या बाहेर बोटभर गेली होती. मी तो पुठ्ठा घेऊन पुन्हा त्या प्रशिक्षकांकडे गेलो. घोडी वयात आली म्हणून भरली, असे ते म्हणाले. वयानेच भरायची होती, तर त्यांच्या हाताखालच्या आठ महिन्यांत खड्डा आणखी खोल का झाला, याचे उत्तर त्यांनी मला अजून दिलेले नाही.